सद्बुद्धी मागायची, पण कुणासाठी?

बार्देशात सासर आणि फोंडा तालुक्यात माहेर असलेल्या एका वाचक भगिनीने चार पानी पत्र लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देते.

वडील गेल्यावर माहेरचं मूळ घर आणि मागचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, यांचा प्रश्न निघाला. आई आधीच गेलेली. धाकट्या भावाला गोव्याबाहेरच्या एका गिऱ्हाइकाने मोठी रक्कम देऊ केली. त्याने बहिणीकडे सही मागितली, तिने दिली नाही. मग भावाने कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा दावा, घातली. आता तारखा पडताहेत. दोघांचं बोलणं बंद आहे, गेल्या चतुर्थीला बाई माहेरच्या गणपतीलाही गेल्या नाहीत. दर शुक्रवारी मात्र त्या कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जातात आणि मागतात, ‘निकाल माझ्या बाजूने लाव, घर विकलं जाऊ देऊ नकोस.’ एका शुक्रवारी भाऊ आणि वहिनी त्याच रांगेत पुढे उभे दिसले. घरी येऊन हे सांगितल्यावर कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, ‘मामासुद्धा तेच मागत असणार. देवीने ऐकायचं कोणाचं? आई, तू घर मागूच नको, सद्बुद्धी माग.’ बाईंना ते पटलं. तेव्हापासून त्या मागतात, ‘देवी, माझ्या भावाला सद्बुद्धी दे.’ तरी देवळातून बाहेर पडताना जिवाची तगमग तशीच असते. त्यांचे प्रश्न असे: देवाकडे घर, जमीन, पैसा मागणं हलक्या दर्जाचं आहे का? सद्बुद्धी मागायची म्हणजे आपला हक्क सोडायचा का? आणि सही करावी की नाही, याचा कौल देवीलाच लावला तर?

ताई,

तुमच्या मुलीने लाखमोलाची गोष्ट सांगितली आणि तुम्ही ती मनावर घेतलीत. पोटच्या पोरीचं ऐकून वर्षांची सवय बदलणं सोपं नसतं. फक्त तुमच्या नव्या मागण्यातला एक शब्द मला खटकतो, ‘भावाला’. त्याकडे येतेच. आधी तुमच्या मनातली टोचणी काढू या.

देवाकडे वस्तू मागणं हलकं नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. अर्थार्थी म्हणजे ज्याला काहीतरी हवं आहे तो. त्यालाही तिथे पुण्यवानांतच धरलं आहे, आणि पुढे लगेच हे सगळेच उदार आहेत असं भगवंत म्हणतात. ज्ञानी त्याला विशेष प्रिय, हे खरं. पण मागणाऱ्याला त्याने दारातून परत पाठवलेलं नाही. आपल्या देवळांच्या पायऱ्या चढणारी माणसं बघा. कोणाचा मुलगा बोटीवर गेलेला, त्याची खुशाली कळलेली नाही. कोणाच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे. कोणाची मुलगी तिसऱ्यांदा पास व्हायची राहिली आहे. त्यांनी तिथे उभं राहून काय मागायचं? आर्ताला आधी त्याचं दुखणं सांगू द्यावं. भाकरी मागणाऱ्याला ‘तू वैराग्य माग’ असं सांगणारी माणसं बहुधा जेवून आलेली असतात, आणि त्यांच्या बोलण्याने कोणी भक्त देवासमोर लाजून गप्प राहिला तर मला फार वाईट वाटतं.

तेव्हा घर मागितलंत म्हणून तुम्ही हलक्या ठरला नाहीत. पण तुमचं मागणं घर मागण्यापेक्षा थोडं निराळं होतं. तुम्ही निकाल मागत होता. त्यात जे तुम्हाला मिळेल ते भावाच्या ताटातून उचललेलं असेल. नोकरी मागणाऱ्यामुळेही कोणा दुसऱ्याची संधी जाते, हे मी विसरलेले नाही. पण तो दुसरा त्याच्या ओळखीचा नसतो, आणि त्याच्या आईच्या कुशीतून आलेला तर मुळीच नसतो. तुमच्या बाबतीत तो रांगेत पुढे उभा होता.

देवीला याचा राग येतो की नाही, हे सांगणारी मी कोण? मला काळजी वाटते ती तुमची. दर शुक्रवारी बार्देशातून कवळ्यापर्यंतच्या प्रवासात, मग रांगेत, मग गाभाऱ्यासमोर तुम्ही काय करत असता? तुम्हीच लिहिलं आहे: ‘त्याने काय काय केलं ते सगळं देवीला सांगते.’ म्हणजे दर आठवड्याला भावाचे अपराध पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजून होतात, आणि तेही आयुष्यातल्या सगळ्यांत पवित्र जागी, हात जोडून. जे शब्द आपण रोज देवापुढे म्हणतो ते आपल्यात मुरतात. रामरक्षा लहानपणी पाठ झाली ती अशीच. तक्रारसुद्धा तशीच पाठ होते. म्हणून बाहेर पडताना तगमग कमी होत नाही. तुम्ही तिला दर शुक्रवारी नव्याने चेतवता.

आणि तुमची देवी कोण, ते तरी आठवा. शिव आणि विष्णू यांचं युद्ध जुंपलं, कोणीच माघार घेईना, सृष्टी संकटात आली, तेव्हा जी मध्ये उभी राहिली ती शांतादुर्गा. तिच्या दोन हातांतले दोन सर्प म्हणजे ते दोघे, असं आपल्याकडे सांगतात. तिने एकाला जिंकवलं नाही आणि दुसऱ्याला हरवलंही नाही. दोघांना हातात धरून शांत केलं, म्हणून तिचं नाव शांता. गोव्यातल्या इतक्या देवदेवतांमधून तुमच्या माहेरच्या वाट्याला हीच कुळदेवी आली आहे, आणि तुम्ही भावंडं एकमेकांविरुद्ध तिच्याकडेच जाता. लहानपणी बाबांनी तुम्हा दोघांना तिथे नेलं असेल तेव्हा तुम्ही कोणाच्या विरुद्ध काही मागायला गेला नव्हता.

आता तो खटकणारा शब्द.

‘भावाला सद्बुद्धी दे’ हे मागणं ऐकायला निःस्वार्थी वाटतं. पण त्यात निकाल आधीच लावलेला आहे. त्याला बुद्धी नाही, मला आहे. देवीने त्याला माझ्यासारखा विचार करायला लावावा. स्वतःला एक प्रश्न विचारून बघा. समजा, देवीने तुमचं ऐकलं, उद्या भावाला खरोखरच सद्बुद्धी झाली, आणि तो दारात येऊन म्हणाला, ‘ताई, तुला न विचारता मी माणसं घरात आणली, माझं चुकलं. तुझा अर्धा वाटा चोख देतो. पण एवढं मोठं घर मला एकट्याने सांभाळवत नाही, आपण दोघं मिळून विकू या.’ ही सद्बुद्धी तुम्हाला चालेल का? की घर न विकण्याचा निर्णय झाला तरच ती सद्बुद्धी? दुसरं उत्तर आलं, तर तुम्ही अजून घरच मागत आहात, फक्त भावाच्या बुद्धीच्या वाटेने.

तुम्ही पसायदानाचा दाखला दिला आहे, ज्ञानदेवांनीही ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असं दुसऱ्यांसाठी मागितलंच ना, म्हणून. हो, मागितलं. खळांचा नाश व्हावा असं न मागता त्यांचा वाकडेपणा जावा असं मागितलं, यातच त्यांची थोरवी आहे. पण ज्ञानदेव अवघ्या विश्वासाठी हात पसरून उभे होते. त्यांचा कोणा एका माणसाशी दावा चालू नव्हता. आपला दावा चालू असलेल्या माणसासाठी सद्बुद्धी मागताना आपण त्याला खळांच्या रांगेत नेऊन उभं केलेलं असतं. भावासाठी मागायचंच असेल तर त्याचं आरोग्य मागा, त्याच्या मुलांचं कल्याण मागा. ते मागताना घसा अडखळला, तर आपण नेमके कुठे उभ्या आहोत ते तुम्हाला कळेल.

मग सद्बुद्धी स्वतःसाठी कशी मागायची? ‘मला सद्बुद्धी दे’ एवढं म्हणून माझ्या मते भागत नाही. फार मोघम होतं ते. समर्थ रामदासांची ‘पावनभिक्षा’ आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत किंवा देवळात म्हटलेली आहे. भिक्षा मागायला निघालेल्या त्या माणसाने काय काय मागितलं, ते एकदा सावकाश वाचा. कोमळ वाचा दे, विमळ करणी दे, प्रसंगओळखी दे, अंतरपारखी दे. एकेक गुण नाव घेऊन मागितला आहे. त्यातली प्रसंगओळखी मला सर्वांत मोलाची वाटते. कधी बोलावं, कधी थांबावं, कधी कागद पुढे करावा आणि कधी चहाचा कप, हे ज्याला ओळखता येतं त्याचे निम्मे तंटे उभेच राहत नाहीत. आणि त्यातच ते म्हणतात, ‘मज न कळे ते दे रे राम’. आपल्याला काय हवं हेही आपल्याला धड कळत नाही, हे इतक्या खुल्या मनाने सांगून टाकलेलं मागणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

तुमचं पत्र वाचताना याच ओळीपाशी मी थांबले. चार पानांत तुम्ही भावाने गिऱ्हाईक कसं आणलं, अंगणात गाड्या कशा लागल्या, आईच्या खोलीचे फोटो परक्या माणसांनी कसे काढले आणि हे सगळं तुम्हाला शेजारणीकडून कसं कळलं, ते लिहिलं आहे. पण घर विकू नये असं तुम्हाला का वाटतं, त्यावर एक ओळही नाही. तिथे राहायला जायचं आहे का? कुळागर कसायचं आहे का? घराची कौलं परतण्याचा दरवर्षीचा खर्च कोण करणार, पोफळीला शिंपणं कोण करणार, याचा कुठे उल्लेख नाही. मला वाटतं, तुम्हाला घरापेक्षाही जास्त लागलंय ते हे की तुम्हाला कोणी विचारलं नाही. लग्न होऊन गेलेली मुलगी म्हणून तुम्हाला सहीपुरतं मोजलं. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण तो बरोबर असेल, तर निकाल शंभर टक्के तुमच्या बाजूने लागला तरी ते दुःख जायचं नाही, कारण कोर्ट वाटा देऊ शकतं, मान देऊ शकत नाही.

तुमच्या शेजारी ख्रिश्चन कुटुंब आहे असं तुम्ही लिहिता. त्यांना बायबलमधल्या शलमोन राजाची गोष्ट विचारा, तुमच्या मुलीलाही आवडेल. शलमोन नुकताच गादीवर बसलेला. गिबोन इथे स्वप्नात देव त्याला म्हणतो, ‘हवं ते माग.’ तो आयुष्य मागत नाही, संपत्ती मागत नाही, शत्रूंचा नाशही मागत नाही. प्रजेचा न्याय करता यावा, बरंवाईट ओळखता यावं, असं मन तो मागतो. देव प्रसन्न होऊन न मागितलेलं धन आणि मानही देतो. लोक सांगताना बहुतेक इथेच थांबतात आणि गोष्टीचा अर्थ असा लावतात की शहाणपण मागितलं की पैसा आपोआप येतो. हा अर्थ मला घातक वाटतो. मग शहाणपण मागणं हीसुद्धा पैसा मागण्याची एक युक्ती होऊन बसते.

त्या गोष्टीत लगेच पुढे एक निवाडा येतो. दोन बायका एका बाळावर हक्क सांगत येतात. राजा तलवार आणवतो, बाळ कापून अर्धं अर्धं द्या म्हणतो. एक म्हणते, चालेल. दुसरी म्हणते, नको, तिलाच द्या पण जिवंत राहू द्या. यातून ‘जी सोडते ती खरी’ असा धडा घेऊन तुम्ही उद्या सही करून टाकाल, तर ते मला नको आहे. मला त्या राजाचं कसब महत्त्वाचं वाटतं. समोरच्या माणसाला नेमकं काय प्रिय आहे, ते त्याने उघडं केलं. तुम्ही देवीकडे आधी हीच बुद्धी मागा, स्वतःच्या बाबतीत. मला घर प्रिय आहे, की घरात माझा शब्द? दोन्ही रास्त आहेत. पण त्यांच्यासाठी मागायच्या गोष्टी आणि टाकायची पावलं वेगवेगळी आहेत.

आणखी एक. तोच शलमोन म्हातारपणी भरकटला, असंही त्याच ग्रंथात पुढे सांगितलं आहे. एकदा मिळालेलं शहाणपण जन्मभर पुरत नाही. त्यामुळे एका शुक्रवारी मन निवळलं आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा ढवळलं, तर प्रार्थना फुकट गेली असं समजू नका. ती रोजची आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हक्काचा. इथे मी अगदी स्पष्ट बोलते, कारण चांगुलपणाच्या नावाखाली आपल्या बायकांकडून पुष्कळ सह्या घेतल्या गेल्या आहेत. सद्बुद्धी म्हणजे माघार नव्हे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. देशात इतरत्र पुष्कळ मुलींना यासाठी फार वाट पाहावी लागली. हा वाटा भावाची मेहेरबानी नाही आणि तो मागणं हा लोभही नाही. इन्व्हेंटरी घातली म्हणजे भावाने तुमच्यावर फौजदारी केली, असाही अर्थ नाही. आईवडिलांच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची ती आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे. त्यात सर्वांची संमती झाली तर कोणी काय घ्यायचं हे आपसांत ठरवता येतं. नाही झाली तर लिलाव लागू शकतो आणि त्यात वारसच बोली लावतात. म्हणजे घर राखायची तुमची मनापासून इच्छा असेल, तर तुम्ही स्वतः बोली लावून भावाला त्याच्या वाट्याचे पैसे देऊ शकता का, हा हिशेब घालण्याची वेळ आली आहे. यजमानांशी बसून घाला. आपल्याकडे नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते, त्यामुळे त्यांचं मत आणि सही यात येणारच, तशी तुमच्या वहिनीचीही येणार. तुमच्या पत्रात वहिनी फक्त रांगेत उभी दिसते. तिचं म्हणणं काय आहे, हे तुम्ही कधी ऐकलं आहे का?

हक्क न सोडता द्वेष सोडता येतो. वकिलांमार्फत आपलं म्हणणं ठामपणे मांडायचं आणि कोर्टाच्या व्हरांड्यात भाऊ दिसला तर ‘मुलं कशी आहेत?’ असं विचारायचं, या दोन गोष्टी एकाच बाईला एकाच दिवशी करता येतात. त्यासाठी लागणारं बळ मागा. हे मागणं कोणाच्या विरुद्ध जात नाही. भावानेही तेच मागितलं तर देवी दोघांनाही देऊ शकेल.

कौलाबद्दल. कौलप्रसादावर तुमची श्रद्धा आहे, माझा तिला विरोध नाही. पिढ्यान्पिढ्या आपल्या माणसांनी अडल्या वेळी देवाला लावलेल्या पाकळ्यांकडे, उजवी आधी पडते की डावी, ते बघत श्वास रोखून धरला आहे. पण ‘सही करू की नको?’ हा प्रश्न मी देवीसमोर ठेवणार नाही. उजवा कौल मिळाला आणि पुढे पस्तावलात, तर तुम्ही देवीला दोष द्याल. डावा मिळाला तर भावाला म्हणाल, ‘देवीच नको म्हणते,’ आणि मग त्याला बोलायला जागाच उरणार नाही. त्याची देवीही तीच आहे. जो निर्णय घ्यायला देवाने आपल्याला बुद्धी दिली आहे, तो पाकळीवर टाकून मोकळं होऊ नये. आधी वकिलांकडून कागद समजून घ्या, घरात हिशेब करा, भावाशी एकदा समोरासमोर बोला. एवढं करूनही दोन्ही वाटा सारख्याच बऱ्या वाटल्या तर कौल लावा, पण तोही शक्य तर दोघांनी मिळून.

तुमच्यासारखी पत्रं मला इतरांचीही येतात, म्हणून थोडं सगळ्यांसाठी लिहिते. प्रार्थनेत गुण मागायचा तर तो पुढच्या प्रसंगासाठी मागावा. ‘मला शांत स्वभाव दे’ यापेक्षा ‘आज संध्याकाळी सासूबाईंनी औषधाचा विषय काढला की माझा आवाज चढू देऊ नकोस’ हे मागणं खरं. ते पाळलं गेलं की नाही, हे रात्री दिवा मालवताना आपल्याला नक्की कळतं. स्वभाव सुधारला की नाही हे मात्र वर्षभर कळत नाही. ज्यांच्या घरी परीक्षा आहे त्यांनी मार्क मागायला हरकत नाही, पण मुलाच्या देखत मागताना ‘त्याला मन लावून बसता येऊ दे, आणि निकाल कसाही आला तरी मला त्याच्याशी नीट बोलता येऊ दे’ एवढं जोडावं. मूल ते ऐकत असतं. सरकारी नोकरीसाठी नवस बोलणाऱ्या आईवडिलांना मी हात जोडून सांगते, नोकरी मागा, पण कोणी मधला माणूस लाखांची रक्कम सांगत आला तर त्याला दारातूनच परत पाठवायची हिंमतही मागा. तशा पैशांतून आलेली नोकरी देवाने दिली असं म्हणून पेढे वाटू नका. आणि ज्याच्या घरात आज खरोखर चूल पेटायची पंचाईत आहे, त्याने हे सगळं बाजूला ठेवून तांदूळ मागावेत. तेही मागणं देवाला पोचतं.

एक पथ्य मात्र सर्वांनी पाळावं. ज्याच्याशी भांडण आहे त्याला ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करते’ असं कधीही ऐकवू नये. त्याच्या कानाला ते शिवीसारखं लागतं.

ताई, तुमच्यापुरतं सांगायचं तर येत्या शुक्रवारी कवळ्याला जाल तेव्हा भावाच्या अपराधांची यादी देवीपुढे वाचू नका. तिला ती पाठ आहे. आपली पाळी आली की स्वतःचं नाव घेऊन सांगा, ‘मला नेमकं काय हवं ते मला कळू दे. भाऊ समोर आला की मला कडू बोलू देऊ नकोस. माझं खरं असेल तिथे मला डगमगू देऊ नकोस, आणि त्याचं खरं असेल तिथे ते मला ऐकू येऊ दे.’ त्यानंतर घर मागावंसं वाटलं तर मोकळेपणी मागा. लपवून ठेवू नका, देवापासून काय लपतं? फक्त ते शेवटी मागा.

तुमची कुळदेवी सोळाव्या शतकात गोव्यातल्याच केळशीहून निघून कवळ्याला आली. पोर्तुगीजांच्या अमलात देवळं पाडली जात होती, तेव्हा आपल्या पूर्वजांनी घरंदारं, जमिनी मागे टाकल्या आणि देव सोबत घेतला. ते आठवून ‘मग मीही घर सोडते’ असं म्हणा, असं मी मुळीच सांगणार नाही. त्यांच्यावर जबरदस्ती झाली होती आणि तुमच्यावर होऊ नये. जमीन हातची जाण्याची भीती आपल्या लोकांच्या हाडीमांशी का भिनली आहे, ते मात्र त्यावरून कळतं. तुमच्या भीतीला मी क्षुल्लक समजत नाही.

राहता राहिली चतुर्थी. गेल्या वर्षी गेला नाहीत आणि वर्षभर ते खुपत राहिलं, हे तुमच्या अक्षरावरून दिसतं. त्या ओळीत तीन ठिकाणी खाडाखोड आहे. यंदा जा. भावाला फोन करणं जड जात असेल तर वहिनीला करा, तेही आठ दिवस आधी, म्हणजे त्यांनाही मनाची तयारी करायला वेळ मिळेल. ‘सासरचा गणपती झाला की मुलीला घेऊन येते, माटोळीला काय कमी आहे ते सांग’ एवढंच बोला. (माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती फळा-पानांची मांडणी.) मार्केटात माटोळीच्या बाजारात जे मिळेल ते घेऊन जा. गेल्यावर दाव्याचा विषय काढू नका; त्यांच्यापैकी कोणी काढला तर ‘सण झाल्यावर एक दिवस ठरवून बसू’ असं सांगून आरतीला उभ्या राहा, आणि तो दिवस चतुर्थीनंतर खरोखर ठरवा. बसाल तेव्हा वहिनी आणि तुमचे यजमान दोघंही हवेत. निघण्याआधी वकिलांना कळवून ठेवा की तुम्ही माहेरी सणाला जात आहात. तिथे कोणी कितीही प्रेमाने पुढे केला तरी कुठल्याही कागदावर सही करू नका. ‘वाचून, वकिलांना दाखवून कळवते’ असं हसून सांगा आणि कागद पर्समध्ये ठेवा.